देव्हाऱ्यातली रोमन देवी

कुवेतमध्ये मी एका माणसाची रोमन नाणी वाचवली, असं नातेवाईक अजून कौतुकाने सांगतात. मी इतकी वर्षं ते ऐकून घेतलं. पण ती मी वाचवली नाहीत.

रुमैथियातल्या आमच्या कुवेती घरमालकांना जुन्या नाण्यांचा नाद होता. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज शिरली आणि ते सौदीकडे निघाले. जाताना काशाच्या नाण्यांची पुरचुंडी त्यांनी माझ्या हातात दिली. घासू मात्र नका, म्हणाले. वरचा हिरवा थर हेच त्यांचं वय. मी इस्पितळात लॅब टेक्निशियन. मला थांबणं भाग होतं, आणि बायको एकटी भारतात परत जायला तयार नव्हती.

घरांच्या झडत्या सुरू झाल्या तसा मी घाबरलो. कुवेती माणसाची वस्तू सापडली तर आमची धडगत नव्हती. समुद्रात टाकून येतो, म्हटलं.

"अहो, विश्वासाने दिलंय त्यांनी. टाकताय कसले?" तिने पुरचुंडी सोडली. एका नाण्यावर हातात कणसं घेतलेली बाई होती. "ही तर आपली अन्नपूर्णाच." दुसरीला पंख होते. "ही कोण ते माहीत नाही, पण राहील बिचारी." पाठीमागच्या बादशहांना तिने पालथं घातलं. "हे नाकाडे बसू देत खाली तोंड करून."

कुलदैवतांच्या टाकांशेजारी तिने ती मांडली, हळदकुंकू वाहिलं. दर शुक्रवारी टाक चिंचेने लखलखीत घासणारी ही बाई, पण त्या नाण्यांना तिने चिंच लागू दिली नाही.

एका दुपारी सैनिक आले. रेडिओ उचलला. एकाने देव्हाऱ्याकडे हात नेला. मी भिंतीला टेकून उभा. ती पुढे झाली आणि त्याच्या बुटांकडे बोट दाखवून म्हणाली, "जूता बाहर. ये हमारा भगवान है."

त्याला हिंदी कळली नसावी, बोट कळलं. तो बुटांकडे बघून हसला आणि मागे फिरला.

मुक्तीनंतर मालक परतले. नाणी पाहून त्यांनी मला मिठी मारली, शूर म्हटलं. ती आत चहा करत होती, आणि मी खरं बोललो नाही. कणसंवालीच्या वस्त्राच्या चुण्यांत कुंकू बसलं होतं. ते नाणं त्यांनी आमच्याकडेच राहू दिलं.

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, तुझं नाव सांगायला हवं होतं.

"त्यात काय सांगायचं? माझे देव मी सांभाळले."

आता ती नाही. कणसंवालीला कुंकू मी लावतो. कुणी विचारलं, की हे नाणं माझ्या बायकोने वाचवलं, असं अभिमानाने सांगतो.