ऑइलचं निमित्त

शिरपूरकडून आलेला चिंधा नरोलीच्या धागा कारखान्यात लागला आणि बघता बघता खात्यात त्याच्या नजरेचं नाव झालं. केसासारखा धागा तुटला की टोक शोधायला इतर जण चाचपडत. चिंधा लांबूनच बोट दाखवी. मुकादम पाठ थोपटायचा आणि लगेच दुसरी पाळीही त्याच्याच गळ्यात मारायचा.

पाळीवर पाळी करायची तर माणसाने झोपायचं कधी? शेजारच्या खोलीतल्या हर्षलने पांढरी पूड दिली. चांदीच्या कागदावर तापवायची, धूर ओढायचा. झोप पळाली, भूक पळाली, पापणीसुद्धा लवायची विसरली. कोरडे पडलेले डोळे चिंधा मुठीने चोळचोळ चोळी, आणि नशेत त्याला दुखलेलंही कळत नसे.

या खात्यात कुणाचाही डोळा लाल झाला की सगळे एकच सांगतात, धाग्याला लावलेलं ऑइल उडालं. बायकोने, दुर्गाने, विचारलं तेव्हा चिंधानेही तेच सांगितलं. "ऑइल गयं डोयामा. दुसरं काय?" तिने डोळ्यात गुलाबपाणी घातलं, मग कारखान्याच्या गेटावर जाऊन मुकादमाची अशी खरडपट्टी काढली की सगळी पाळी जमली. चिंधा मागे मान खाली घालून उभा. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना त्या गाढवाने!

उजव्या बुबुळावर पांढरा डाग आला, तशी ती त्याला सिल्वासाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"ही ऑइलची जखम वाटत नाही," बाई म्हणाल्या. "काही ओढता का? खरं सांगा, नाहीतर दुसराही डोळा जाईल."

चिंधा बोलणार, तेवढ्यात दुर्गा ताडकन म्हणाली, "मॅडम, माझा माणूस बिडीलासुद्धा शिवत नाही!"

किती अभिमानाने म्हणाली ती! "ऑइलच, मॅडम," चिंधा म्हणाला.

उजवा डोळा गेला. पूड काही सुटली नाही. दुर्गाने बाजारातून जाड चष्मा आणला, आता ऑइल उडणार नाही म्हणून. तो लावून चिंधा कामावर जाई आणि येताना हर्षलच्या खोलीत शिरे.

मग एका सकाळी डाव्या डोळ्यापुढेही पांढरं धुकं आलं. दुर्गा रिक्षा बोलवायला निघाली, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"ऑइल नव्हतं, दुर्गा. मी पूड वढस."

चिंधाने मान वर केली. ती संतापली आहे की रडते आहे, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याला तिच्या साडीचा रंग कळला, चेहरा दिसला नाही.