ताईंना इथे ठेवा

आई गेली त्याला दोन महिने झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. लोक कौतुक करायचे, किती खंबीर आहे म्हणून. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की गाल आपला नसल्यासारखा होतो, तशी मी अख्खीच झाले होते. भाजी निवडायची, ऑफिसला जायचं, झोपायचं. दिवस जात होते. दिवसांना भेटायला आलेल्या बायकांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "आई गेली की माहेर संपलं गं." तेव्हाही मी मान हलवली होती, गॅस संपला असं कुणी सांगावं तशी.

प्रश्न होता धाकट्या बहिणीचा. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून तिचं चालणं गेलं. ती व्हीलचेअर वापरते. कर्वेनगरच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आणि आई दोघीच राहायच्या. आता ती एकटी. तिने वारज्याला आमच्याकडे यायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. मुलगी शिकायला बाहेरगावी असल्याने तिची खोली रिकामी होती. बाथरूमचं दार रुंद करून घेतलं, नळ खाली आणले, रंगही दिला. फक्त बहिणीला विचारायचं राहिलं होतं. तिच्या घरी, आईच्या फोटोसमोर, ते तोंडातून निघेना. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. हायवेवर एक पाळणे-घसरगुंड्यांचं रिसॉर्ट आहे, एक रात्र राहू, तिथे निवांत बोल. तिलाही तेवढाच हवापालट.

"मला काय टीबी झालाय?" बहीण फोनवर म्हणाली. पण आली.

बुकिंग करताना मी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, रॅम्प आहे ना? "आहे की, मॅडम." रॅम्प होता. तो धुण्याच्या ट्रॉल्यांसाठी होता आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी निघत होता. बाकीचे पाहुणे कारंज्याशेजारच्या संगमरवरी पायऱ्यांवरून आत जात, आम्ही कांद्याच्या पोत्यांमधून. आत शिरताना दर वेळी कुणीतरी टोपली सरकवायचं, कुणीतरी ठसकायचं.

"लोक कारंज्यावरून, आपण फोडणीतून," बहीण म्हणाली.

खोलीचं दार ऐसपैस होतं. बाथरूमला मात्र उंबऱ्याहून मोठी पायरी होती. तिथे दोघांनी मिळून तिला उचलायचं. बागेतल्या वाटांवर शोभेचे गोटे घातलेले. गोट्यांत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात, म्हणून खुर्ची उलटी फिरवून ओढत न्यावी लागते. मला पुढचा पाळणा दिसायचा, तिला मागे पडलेला. जेवणाच्या हॉलमध्ये वाढणाऱ्याने मला विचारलं, "यांना तिखट चालतं का?" बहीण म्हणाली, "थांबा, विचारून सांगते."

एरवी मी त्याचं डोकं खाल्लं असतं. पुण्यात जन्म काढलेल्या बाईला भांडायला निमित्त लागत नाही. पण राग येतो तिथे काहीच येत नव्हतं. मी भात कालवत राहिले.

दुपारी तळ्याभोवती फिरणाऱ्या झुकझुक गाडीपाशी गेलो. फाटकावर एक बाई पिशव्या घेऊन टोकन देत होत्या. "सामान इथे ठेवा, टोकन घ्या." पुढे गाडीवाल्याने खुर्चीकडे पाहिलं, सावलीतल्या त्याच कोपऱ्याकडे बोट केलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "ताईंना इथे ठेवा, आणि तुम्ही दोघं बसून या."

"माझंही टोकन घे गं," बहीण म्हणाली. "नाहीतर परत देताना भलतीच देतील."

मी थांबते म्हटलं, तर तिने हाकललंच. "जा. तिकिटात आहे ते. वाया कशाला घालवता?" आम्ही गेलो. तळ्याच्या पलीकडून ती दिसली. पिशव्या, बाबागाड्या आणि ती. तिने हात केला. मीही केला. काहीतरी वाटायला हवं होतं एवढं कळत होतं, पण वाटलं काही नाही.

संध्याकाळी चहा घेऊन दोघीच बसलो. नवरा मुद्दाम गाडी बघायच्या निमित्ताने गेला. मी एका दमात बोलून टाकलं. खोली झालीय, नळ झालेत, दार झालंय. "आई नाही, तू एकटी कशी राहणार? आम्ही तुला ठेवून घेतो."

शब्द मायेचाच होता. मावशी आम्हाला मे महिनाभर ठेवून घ्यायची, आम्ही नको नको म्हणेपर्यंत. पण माझी बहीण पुस्तकांची मुद्रितं तपासते. तिची पेन्सिल शब्दाशी अडली की तिथून हलत नाही.

"टोकन देशील?" ती म्हणाली.

तिने चहात बिस्कीट बुडवलं.

"त्या माणसाचं काही नाही गं. तो मला ओळखत नाही," ती म्हणाली. "तू मला ठेवू नकोस. मी राहते."

"एकटी?"

"कामाच्या बाई येतात, त्या येत राहतील. स्वयंपाकाचा ओटा उतरवून घेते."

ओटा आईच्या उंचीचा होता. जन्मभर बहिणीने जेवणाच्या टेबलाशी बसून भाजी निवडली, चिरली, शेंगा सोलल्या, आणि पातेलं गेलं आईकडे. "पन्नाशी आली माझी," ती म्हणाली, "आणि अजून एकदाही फोडणी घातली नाही. गवंडी येऊन गेला. ओटा किती उंच हवा म्हणाला. मला सांगता येईना. मी कधी ओट्याशी गेलेच नाही ना."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येईन तुझ्याकडे. पण मी येईन. तुम्ही आणायचं नाही."

मी बरं म्हटलं. आमच्या रंग दिलेल्या खोलीचं वाईट वाटावं, तेही वाटलं नाही.

सकाळी निघताना पुन्हा स्वयंपाकघरातून बाहेर पडत होतो. मोठ्या पातेल्यांची भट्टी तिथे अगदी बुटकी असते, उचलायला सोपं जावं म्हणून. तिच्यावर पोह्यांची फोडणी चालली होती. बहिणीने चाकांवर हात दाबून खुर्ची थांबवली. आचाऱ्याला विचारून ती भट्टीच्या कडेला गेली, पातेल्यात वाकून पाहिलं, आपल्या ओढणीचं टोक जमिनीला लावायला मला सांगितलं आणि भट्टीच्या कडेपाशी गाठ मारली.

"याहून वीतभर वर," ती म्हणाली. "झालं. गवंड्याला सांगते." ती गाठीची ओढणी तिने धुवायच्या पिशवीत टाकली नाही, गाडीत सगळी वाट मांडीवर घेऊन बसली.

कर्वेनगरला तिला सोडलं. नवरा गाडी वळवायला गेला. चप्पल घालताना मी सवयीने म्हटलं, "येते गं." आमच्यात जाते कुणी म्हणत नाही. आतून आई म्हणायची, "ये." ती गेल्यापासून मी येते म्हटलं की घर नुसतं ऐकून घ्यायचं. बहिणीलाही बहुधा सुचत नसावं.

त्या दिवशी ती खुर्ची दारापर्यंत घेऊन आली.

"ये," ती म्हणाली. "पण आता फोन करून ये. मी करणार म्हणजे पिठलं कच्चं राहायचं."

मी पार्किंगपर्यंत गेले. तिथे मला पुढे चालता येईना. खांबाला धरून मी उभी राहिले आणि रडायला लागले, दोन महिन्यांचं सगळं, मोठ्याने, लाज न बाळगता. गाडीतून नवरा उतरून आला आणि काय करावं न कळून माझी पर्स धरून उभा राहिला.

तळमजल्याची खिडकी उघडली.

"रडायचंय तर आत येऊन रड," बहीण म्हणाली. "तिथे लोक बघतायत. आत्ता फोन नाही केलास तरी चालेल."