जोत्याखालचं वारं

बहरीनमध्ये बुसैतीनच्या जुन्या व्हिलात आम्ही खालच्या मजल्यावर राहत होतो आणि माझी धाकटी जाऊ वरच्या. दोघे भाऊ, एक फाटक, दोन चुली. आमच्या मजल्याचं जोतं उंच होतं आणि त्याखाली पाइपांसाठी पोकळी सोडलेली होती, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी. ऑगस्टची दमट हवा सुरू झाली की त्या पोकळीतला कुबट वास घरात चढायचा. मुलीच्या खोलीत कपाटामागे काळपट हिरवी बुरशी धरायची. कितीही पुसली तरी आठवड्यात परत हजर.

त्या वासाने मुलीला खोकला लागला आणि तो हटेना. जाऊ आपणहून म्हणाली, "ताई, पोरीला वर झोपू द्या की माझ्याकडं. वर कोरडं आहे." तिला मूलबाळ नव्हतं. तो खोकला मला ऐकवत नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. खोकला दोन-चार दिवसांत गेला आणि माझं पोट दुखायला लागलं.

सकाळी मुलगी वरून यायची ती वेणी घालूनच. वेणी माझं काम होतं. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून थेट वर. एकदा मी तिला म्हटलं, जरा आईजवळ बस. ती बसली, नाक उडवलं आणि म्हणाली, "आई, इट स्मेल्स हिअर. काकीज रूम इज नाइस." नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावजयीचं बरं आहे, आयत्या बिळावर नागोबा. तो बाब अल बहरीनला कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असतात. "मग घर कोरडं कर," एवढंच म्हणाला.

तेच करायचं मी ठरवलं. घर कोरडं झालं की पोर खाली येणार होती.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे ओल म्हटली की औषध एकच, दारं-खिडक्या सताड उघडा आणि वारं खेळू द्या. घराच्या मागच्या अंगाला त्या पोकळीच्या जाळ्या होत्या. आधीच्या भाडेकरूंनी त्या प्लायवुडच्या फळ्यांनी बंद करून टाकल्या होत्या. कोंडलंय म्हणून कुजतंय, दुसरं काय! मी फळ्या उचकटून काढल्या आणि एका जाळीसमोर टेबलफॅन लावून दिला.

संध्याकाळी जाऊ अदलियाच्या ऑफिसातून आली. फॅन बघून थबकली. "ताई, ते उघडं ठेवू नका की ओ. बाहेरची हवाच ओली आहे. तुमच्या एसीनं खालून फरशी गार पडलेली. हा माझा चष्मा बघा, टॅक्सीतून उतरले की असा होतोय." चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या, त्यातून तिचे डोळेही दिसत नव्हते.

सोलापूरची ही, हिने ओल पाहिली कधी? मला शिकवतेय! मग लख्ख कळलं. हिला माझं घर कोरडं व्हायला नको आहे. मी वाकून फॅन आणखी जोरात केला.

वास दुप्पट झाला. चपलांवर बुरशी आली, पोळपाटावर आली, देवाच्या फोटोमागे भिंतीवर आली. शेवटी एका शुक्रवारी सकाळी नवऱ्याला टॉर्च देऊन आत सरपटवला आणि मागोमाग मीही डोकं घातलं. वरच्या स्लॅबला आणि पाइपांना पाण्याचे थेंब लोंबत होते, गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून येतात तसे. मी आत सोडलेलं वारं तिथे पाणी होऊन बसलं होतं. शिवाय एसीचा पाण्याचा पाइप सांध्यातून निसटून खालच्या वाळूत गळत होता. "खलास," नवरा आतूनच म्हणाला. "हे तर आपणच आणलं." जाऊ बरोबर होती, हे मला आजही आवडत नाही.

मग उलटं केलं. पाइप जोडला. बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढली. पोकळीतल्या वाळूवर जाड प्लास्टिक अंथरलं, कडा भिंतीपर्यंत नेऊन चिकटवल्या. जाळ्यांवर फळ्या परत बसवून भोवती टेप मारली. आत हवेतलं पाणी ओढणारं मशीन ठेवलं. त्याची टाकी भरली की मी ती मोरीत ओतायची आणि मनात म्हणायची, आता बघतेच.

वास गेला. जाऊ मुलीचं अंथरूण घडी घालून खाली घेऊन आली. दारात उभी राहून तिने श्वास घेतला. "छान झालं, ताई," म्हणाली. मी जिंकले होते. चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी लावत होते. जाऊ मागच्या अंगणात आली आणि जाळीपाशी उकिडवी बसली. इकडेतिकडे पाहून तिने टेपचं टोक नखाने सोडवलं आणि फळी बाजूला घेतली. माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. बाहेर काय हवा आहे, ती आत गेली की काय होतं आणि मग पोर कुठे झोपायला जाते, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

ओरडावं म्हणून मी खिडकीची कडी काढली. पण ती हलतच नव्हती. फळी मांडीवर घेऊन जाळीकडे बघत बसली होती. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, फळी होती तशी लावली आणि टेपवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग निघून गेली.

संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. टेप घट्ट होती. माझ्यापेक्षा घट्ट.

मुलगी गृहपाठ करत होती. मी म्हटलं, "आज वर काकीकडे जेव." तिने वही तिथेच टाकली आणि जिन्याकडे धावली.

"झोपायला मात्र खाली यायचं!" मी ओरडले, वर ऐकू जाईल अशा आवाजात.