टेकाडावरची होडी

पाण्याच्या धास्तीने होडी घेणारे लोक जगात असतील. पण होडी घेतल्यावर त्याच धास्तीने नदी सोडून टेकाडावर राहायला जाणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि देवाच्या दयेने तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्काचा नवरा. अंबरनाथच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचे साहेब म्हणून रिटायर झाले. यंत्र बंद पडलं की हे सुरू व्हायचे, आणि घरी सगळं सुरळीत चाललेलं असलं की यांना करमायचं नाही.

तेव्हा ही मंडळी बदलापूरला बेलवलीत तळमजल्यावर राहायची. एका पावसाळ्यात उल्हास नदी न विचारता घरात शिरली. दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे अडकले, आणि शेवटी अक्काला गॅलरीतून रबरी होडीत उतरवावं लागलं. बिचारी डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होती. साडूंनी तिथल्या तिथे शपथ घेतली, "पुढच्या वेळेला दुसऱ्याच्या होडीत बसायचं नाही!" पाणी ओसरलं, गाद्या वाळल्या, आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून एक जुनी फायबरची होडी टेम्पोत बसून घरी आली. महिनाभरात अक्काने हट्ट धरून घरच बदललं. पूर्वेला, चढावर, पाचव्या मजल्यावर. तिथे पाणी यायचं तर आधी सगळं बदलापूर बुडायला हवं. पण होडी काही साडूंनी सोडली नाही. गाडी नव्हतीच, त्यामुळे बिल्डिंगमधली त्यांची पार्किंगची जागा होडीला मिळाली.

सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "माझ्या वाहनाचा हॉर्न कधी ऐकलात? धूर दिसला? मग?" सेक्रेटरी आल्या पावली परत गेले. रोज सकाळी सात वाजता साडू फडकं घेऊन खाली उतरतात, होडी पुसतात आणि आत बसून पेपर वाचतात. पावसाळा आला की होडीवर ताडपत्री घालतात. का? तर भिजू नये म्हणून! नारळी पौर्णिमेला पार्किंगमध्ये होडीची साग्रसंगीत पूजा असते. समुद्र लांब, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवतात आणि तिच्यात नारळ सोडतात. मग तोच नारळ काढून अक्का अख्ख्या बिल्डिंगला नारळीभात घालते. हळदकुंकू वाहताना मात्र ती होडीकडे बघत नाही, हे मी बऱ्याच वर्षांपासून पाहत आलोय.

आणि ही होडी पाण्यात किती उतरली? एकदा. उन्हाळ्यात नदीत पाणी नसतं, पावसाळ्यात नको तेवढं असतं, म्हणून यांनी हिवाळा निवडला. तर नदीभर जलपर्णी. आम्ही दोघं काठापासून चार हात आत गेलो आणि हिरव्या गालिच्यात रुतून बसलो. पलीकडे म्हशी धुणारा एक गाववाला हसत ओरडला, "काका, हितं होडी कशाला आनली? नांगर आनायचा व्हता!" त्यानेच दोर टाकून ओढून काढलं. तेव्हाच मला कळलं की साडूंना पोहता येत नाही. "अरे, पोहता आलं असतं तर होडी कशाला घेतली असती?" असं वर मलाच विचारलं.

गेल्या वर्षापासून मात्र अक्काचे गुडघे आणि हृदय दोन्ही कुरकुरायला लागले. डॉक्टर अंबरनाथला, आणि रिक्षाच्या धक्क्यांनी तिचा जीव मेटाकुटीला येतो. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, माझी जुनी गाडी घेऊन जा. ड्रायव्हर बघू. पण ठेवणार कुठे? ती होडी विका आता." झालं, गिऱ्हाइकं सुरू झाली. साडू प्रत्येकाला आधी विचारायचे, "पोहता येतं?" नाही म्हटलं की चहा पाजून परत. हो म्हटलं तर, "मग होडी कशाला हवी?" लग्नाआधीचे फोटो काढणारी एक जोडी आली होती. "अंकल, फक्त बॅकग्राउंडला पाहिजे." त्यांना चहासुद्धा मिळाला नाही. कॅम्प पाचचा एक लग्नाच्या लॉनवाला सिंधी शेठ आला, होडीभोवती फिरला आणि खूश होऊन म्हणाला, "साईं, इसमें बरफ डालके कोल्ड्रिंक रखेगा. शादी में एकदम झकास दिखेगा!" साडू दोन दिवस जेवले नाहीत.

मग एका दुपारी डॉक्टरकडून येताना अक्का गेटपाशीच धापा टाकत खाली बसली. त्या संध्याकाळी साडूंनी स्वतः शेठला फोन केला. "घेऊन जा," एवढंच बोलले.

रविवारी टेम्पो आला, मीही मदतीला गेलो. साडू होडीला शेवटचं फडकं मारत होते, नाक लाल झालेलं. माणसांनी होडीला हात घातला आणि इतक्यात अक्का लिफ्टमधून बाहेर आली, भिंतीला धरत. "शेठजी, माफ करा. होडी नहीं बेचनी है. चहा घेऊन जा." साडू म्हणाले, "अगं, गाडी?" "मला नको गाडी. रिक्षावाल्याला सांगू, हळू चालव. होडी जागची हलायची नाही!" एवढं बोलून ती वळली. टेम्पो रिकामा गेला. साडूंचा चेहरा काय उजळला म्हणता! "बघितलंस? म्हटलं नव्हतं, तिचा जीव आहे होडीवर!"

मी अक्कामागोमाग वर गेलो. म्हटलं, "अक्का, ती होडी तर तुमच्या डोळ्यांसमोर नको असते. गाडी आली असती की."

अक्काने गॅस पेटवला. खिडकीतून खाली पार्किंग दिसतं. "भावोजी, हा माणूस घरात दिवसभर चार शब्द बोलत नाही. खाली उतरला की वॉचमन, पेपरवाला, पोरंटोरं, सगळ्यांशी बोलतो. होडी गेली तर खाली कशाला उतरेल? मी आहे तोवर ठीक आहे हो. मी गेल्यावर?"

मी कप पुढे केले. तिने चहा गाळला आणि ती म्हणाली, "ते काही इतक्यात वर यायचे नाहीत. तुम्हीच नेऊन द्या. आणि यातलं काही सांगू नका."

मी दोन कप घेऊन खाली गेलो. साडू होडीत बसले होते, भोवती पोरं गोळा झालेली. सरकून मला जागा देत त्यांनी विचारलं, "काय म्हणत होती रे?"

"होडी नीट पुसता का, विचारत होत्या."

साडूंनी कप तसाच ठेवला आणि पुन्हा फडकं उचललं.