डोंगरावर ऐकू येणारी शिट्टी

मांजरसुंब्यापुढच्या डोंगरात भरदुपारी तीन शिट्ट्या ऐकू येतात आणि आसपास माणूस दिसत नाही, असं एका सायकलस्वाराने मला कळवलं. तो घाबरून परत फिरला. ती शिट्टी माझी आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

दिवाळीनंतर मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण विद्या सायकली गाडीला बांधून बीडहून निघालो. डोंगरात सायकल नेणाऱ्याच्या पिशवीत काय हवं, तेही सांगते: जास्तीची ट्यूब, पंप, क्रेप बँडेज, ऊब धरणारी पातळ चंदेरी चादर आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. वर फोनला रेंज नाही. अडचणीत सापडलं तर तीन शिट्ट्या, हा आमचा नियम.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पोहे आणि चहा झाला. दोघींचं शंभरात भागलं.

"मावशी, ह्या वयात सायकल कावून?" ढाबेवाल्याने विचारलं.

"घोडं परवडत नाही," विद्या म्हणाली.

तो हसला. मग म्हणाला, "वर कुनी न्हाई बरं का. समदे ऊस तोडायला गेलेत."

डांबर संपल्यावर मुरमाड चढ लागतो. टायरमधली हवा थोडी कमी करा. वरची वस्ती बंद होती. दारांना कुलपं, गोठ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या. कुत्री भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली. एकाच अंगणात ओला सडा होता.

पुढे वाट फुटली. विद्या खालच्या वाटेने गेली. कोरड्या तलावापाशी भेटायचं ठरलं होतं, पण ती आलीच नाही. मी तीन शिट्ट्या दिल्या.

खालून काही आलं नाही. वर वस्तीत मात्र कडी वाजली. ओल्या सड्याच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. डोक्यावर गाठोडं, हातात कोयता.

"आले, आले! गाडी उभी ठिवा!"

तेवढ्यात खालच्या घळीतून तीन शिट्ट्या आल्या. विद्या! म्हातारी आवाजाकडे वळली आणि वाट सोडून सरळ घळीच्या कड्याकडे निघाली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. घळीतली शिट्टी थांबेना, आणि प्रत्येक शिट्टीला म्हातारी मला कड्याकडे ओढत होती.

मागून एक म्हातारबाबा काठी टेकत आले. तिचे दीर, आबा.

"चंद्राबाई हाय ती. आमचा मुकादम तीन शिट्ट्या देतो, गाडी आली म्हनून. मंग नावं घेतो. औंदा हिचं घेतलं न्हाई. लई थकली. पोरं तोडीला गेली, ही ऱ्हायली."

"गाडी आलेली नाही," मी तिला ठणकावलं.

"मंग खाली कोन फुकतंय?"

तिने माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं. "तुमीच मुकादम. माझं नाव घ्या."

"चंद्राबाई!"

"हाय!"

"तुमचं काम वस्ती राखायचं. घरी चला."

तिने गाठोडं खाली ठेवलं. घळीत शिट्टी वाजतच होती, पण आता ती हलली नाही.

विद्या खडकाला टेकून बसली होती. घोटा सुजला होता, ओठ पांढरे पडले होते. बँडेज बांधलं, चादर गुंडाळली आणि आबांच्या आधाराने तिला वर आणलं. चंद्राबाईने चहा केला. निघताना तिने माझी शिट्टी मुठीत धरली.

"ही माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. मंग मला सोडून गाडी कशी जाईल?"

"आतला मणी काढून द्या, ताई, मंग वाजायची न्हाई," आबा हळूच म्हणाले.

मी काढला नाही. रिकाम्या वस्तीत दोन म्हातारी माणसं. हाक मारायची सोय मी काढून घेणार नव्हते.

विद्याचा घोटा बरा झाला. मला मात्र घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली की दाराकडे बघायची सवय लागली आहे. त्या डोंगरात तीन शिट्ट्या ऐकल्या तर पळू नका. उलट शिट्टी देऊ नका. वर जा आणि चंद्राबाईचं नाव घ्या.

दिलेली वस्तू: नारिंगी शिट्टी, दोरीसह, मणी आत. घेणार: चंद्राबाई. समक्ष: आबा.