न पाहिलेला हिरवा

बोईसरच्या आमच्या कारखान्यात सिरॅमिकचे गोळे आणि कड्या बनतात. रासायनिक कारखान्यांच्या उंच टाक्यांमध्ये ते पोत्यांनी ओततात आणि एकदा आत गेले की कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांना रंग कसा आला, असं कुणी विचारत नाही. आम्ल सोसलं पाहिजे आणि फुटता कामा नये, एवढीच अपेक्षा. तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पालघरच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी लागली. त्याची जाण मला अजून आहे.

एका हिवाळ्यात जपानहून एक बाई आमच्या कारखान्याच्या पाहुण्या म्हणून राहायला आल्या. साठीच्या, बारीक, केस कापलेल्या. त्या पोर्सलीनची भांडी घडवायच्या आणि त्यांवर सेलाडॉन चढवायच्या. सेलाडॉन म्हणजे निळसर हिरवा, काचेसारखा लेप. परदेशातल्या एका प्रदर्शनात आमच्या मालकांची त्यांच्याशी ओळख झाली होती.

त्यांची स्वतःची गॅसची भट्टी बंद पडली होती. नवरा-बायको दोघं मिळून ती चालवायचे. नवरा गेला, भोवती नवी घरं उठली, शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली. विजेच्या भट्टीत तो रंग येत नाही, कारण त्याला हवेला आसुसलेली, धुरकट आग लागते. भट्टी बंद झाली तेव्हापासून त्यांच्या हातून तो रंग निघाला नव्हता. आमच्याकडे चाचण्यांसाठी गॅसची एक छोटी भट्टी आहे. ऑर्डरींच्या मधे ती एकदाच मिळेल, असं मालकांनी कबूल केलं होतं.

"तो रंग मला अजून एकदा काढायचाय," पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या.

मला इंग्रजी येतं म्हणून त्यांच्याबरोबर मला दिलं होतं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, त्यांचं जपानी शाळेतलं. दोघी सावकाश, शब्द शोधत बोलायचो आणि म्हणूनच कदाचित एकमेकींचं नीट ऐकून घ्यायचो.

मी रंगाचा फोटो मागितला तर त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "फोटोत तो येत नाही. इथेच दाखवते तुला."

गुजरातहून येणारी पांढरी माती त्यांनी मळून, गाळून, परत मळून आपलीशी केली. चाकावर वाडगे उठवले, वाळवले, पायथे कोरले. लेपात लोखंडाचा अगदी थोडा अंश घालायचा असतो. तेवढं वजन करायचं काम माझ्याकडे होतं. लोखंडाला हवा मिळाली तर ते पिवळं-तांबूस होतं, हवा तोडली तर हिरव्या-निळ्याकडे वळतं. हे मी परीक्षेत लिहून आले होते. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारचा डबा मी तेव्हा प्रयोगशाळेतच खायचे. माझं घर दातिवऱ्याचं, वडील होडीवर जातात, आई मासळी सुकवते. रविवारी घरी गेले की येताना सुके बोंबील, जवळा बरोबर असायचा. कँटीनमध्ये डबा उघडला की पॅकिंगमधल्या घाटावरच्या बाया नाकाला पदर लावून हसायच्या. "आली गं बाई बंदराची हवा!" मनात काही वाईट नसायचं त्यांच्या. पण रोज कोण हसून घेणार? म्हणून मी आपली ॲसिडच्या बाटल्यांशेजारी बसायचे.

एकदा मी डबा उघडला आणि जपानी बाई दारातच थबकल्या. वास घेतला. मला वाटलं, आता यासुद्धा. त्या आल्या, समोर स्टूल ओढून बसल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "मिळेल?" लहानपणी त्यांच्या अंगणातही असेच मासे वाळत असायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मी घरी सांगितलं तर आईला हसू आवरेना. "जपानची बाय बोंबील खाते? मंग ती आपलीच हाय. आता दोन डबे ने. आनि तिला सांग, काट्याला जप."

"आई, त्यांचा जन्म मासे खाण्यात गेलाय."

"मंग तूच जप. तुला कुठं नीट खाता येतं अजून!"

तेव्हापासून मी दोन डबे न्यायला लागले. जेवताना आम्ही फारसं बोलत नसू. पण दिवसातला तेवढाच वेळ माझ्यासमोर कुणीतरी बसलेलं असायचं. माझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी लग्न होऊन गेली होती. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरले की सकाळी जिथे ठेवली तिथेच वस्तू असायच्या. घरी गेले की आई विचारायची, "तू तितं करतेस तरी काय गं?" मी म्हणायचे, "तपासते." ती मान हलवायची आणि वाळत घातलेली मासळी परतायला उठायची. तिला अजून काही सांगावं असं मला वाटायचं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचायचं नाही.

भट्टी लावायचा दिवस आला. पहिल्या पाळीचा ऑपरेटर उत्तरेकडचा. धूर हवाय म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, यहाँ धुआँ देख के लोग भागते हैं, और आप बोल रही हैं, बनाओ!" पण समजावल्यावर त्याने मन लावून केलं. तापमान चढलं, हवा कमी केली, धुराड्याची झडप अर्धी लोटली. भट्टीच्या बारीक भोकातून ज्योतीची पिवळी जीभ बाहेर येऊ लागली. बाई तिच्यासमोरून हलल्या नाहीत. ती जीभ लांबली की झडप थोडी सैल, आखडली की थोडी आत. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी मोकळं झालेलं पाहिलं.

पाळी बदलायच्या सुमारास मालकांचा निरोप आला. पाहुणे आलेत, बाईंना भेटवायचंय, दोघी लगेच या. बाईंनी भोकाकडे पाहिलं, ऑपरेटरला हाताने खूण केली, असंच ठेव. तो म्हणाला, "आप जाइए, मैं हूँ."

ऑफिसात चहा झाला, फोटो झाले, पाहुण्यांचे प्रश्न संपेनात. इकडे पहिली पाळी कंपनीच्या बसने निघून गेली. दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, उमरोळीहून येतात. भाचीच्या लग्नाची रजा संपवून ते त्याच दिवशी आले होते आणि गाडी उशिरा आल्यामुळे दोघांची गाठ पडलीच नाही. काकांनी आवारात शिरताना वर पाहिलं तर धुराड्यातून काळा धूर. आमच्या तारापूरच्या पट्ट्यात त्याचा एकच अर्थ होतो. कुणी पाहिलं की प्रदूषण मंडळाची तपासणी, मग नोटीस, मग टाळं. इथे नवा माणूस कामावर लागला की हे आधी शिकतो आणि बाकीचं मागाहून. काकांनी चपला काढायच्या आधी भट्टीत हवा सोडली आणि झडप सताड उघडली.

आम्ही परतलो तेव्हा भोकातून ज्योत येत नव्हती. भट्टी स्वच्छ, निळी जळत होती.

"ताई, बरं झालं मी आलो," काका घाम पुसत म्हणाले. "काय धूर निगत व्हता! कोनी बगितलं असतं तर आपल्या सगल्यांच्या पोटावर पाय. कवाचीच हवा सोडलीय. आता बगा, कशी साफ जलते."

बाईंनी झडप लोटली, हवा कमी केली. ज्योत हळूहळू परत आली. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते मघाचं काही परत आलं नाही. लेप वितळून बंद व्हायच्या आधीच आतलं लोखंड भरपूर हवा पिऊन बसलं होतं. हे त्यांना कळलं होतं आणि, वर्गात शिकले होते म्हणून, मलाही.

काकांनी मला हळूच विचारलं, "काय म्हनते ती? खूस हाय ना?"

मी बाईंना काय घडलं ते सांगितलं. त्या काकांसमोर आल्या आणि कमरेतून वाकल्या. "त्यांना सांग, भट्टी सांभाळल्याबद्दल आभारी आहे. बाकी काही सांगू नकोस. कधीच."

मी सांगितलं. काका लाजले. "अवो, आभार कसले? आपलं कामच हाय ते."

भट्टी निवल्यावर आम्ही दोघींनीच दार उघडलं. सगळे वाडगे पिवळे होते. वाळक्या गवतासारखा, शांत, गुळगुळीत पिवळा. एकही तडकला नव्हता, लेप कुठे ओघळला नव्हता. त्यांनी प्रत्येक वाडगा उचलून उजेडाकडे धरला, आतून बाहेरून फिरवला आणि फळीवर ठेवला. शेवटचा ठेवून झाल्यावर मला म्हणाल्या, "तुला दाखवायचं राहिलं."

मी मालकांकडे गेले. भट्टी आणखी एकदा मिळेल का, असं विचारलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी वाडगा हातात घेऊन निरखला. "अगं, सुंदर तर झालेत! काय बिघडलंय यात?" मी रंगाचं सांगू लागले. "पिवळा काय, हिरवा काय, आपल्याला कुठे विकायचेत? भट्टीवर ऑर्डर आहे. पुढच्या खेपेला येतील तेव्हा बघू."

पुढच्या खेपेचं मी बाईंना सांगितलं. त्यांनी आपले हात पुढे करून पाहिले, बोटं मिटली आणि उघडली. जाताना एकही वाडगा त्यांनी बरोबर घेतला नाही. बोईसर स्टेशनवर त्यांना सोडायला मालकांची गाडी होती, मीही गेले. पुलाच्या पायऱ्यांशी त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग मी खोलीवर परत आले.

मधून मधून त्यांचा मोबाईलवर निरोप येतो. बहुतेक हवेविषयी असतो. भट्टी मिळाली का, असं मी आता विचारत नाही.

मालकांनी ऑफिसच्या दाराशी काचेचं कपाट करून त्यात ते वाडगे मांडलेत, खाली छापील पट्टी लावली आहे, 'सेलाडॉन'. हल्लीच एक ग्राहक आले होते. जाणकार असावेत. कपाटापाशी थांबून म्हणाले, "सेलाडॉन? हिरवा असतो ना तो?"

काका तिथेच बाटलीत पाणी भरत होते. "आमच्याच भट्टीत भाजलेत सायेब. त्या दिवशी मीच व्हतो पालीला," ते म्हणाले आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

"पिवळाही असतो," मी म्हणाले.

"असं? मला माहीत नव्हतं. हिरवा पाहिलाय तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. ते हसून आत गेले. काकाही बाटलीचं झाकण लावत पाळीवर गेले. मी कपाटाजवळ जाऊन एका वाडग्याच्या तळाशी, लेप जिथे सगळ्यात जाड साचलाय तिथे, वाकून पाहिलं. तिथेही पिवळाच होता.