आक्काच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे अंदाजपत्रक

हे मी चार वर्षे कुणालाच सांगितले नव्हते, बायकोलासुद्धा नाही: माझ्या थोरल्या बहिणीने जग फिरून यायचे ठरवले, तेव्हा त्या प्रवासाचा खर्च मी समजून-उमजून जवळजवळ पाच लाखांनी फुगवून लिहिला. ती दुपार अजून नाकाशी आहे. मिरजेतल्या तिच्या माडीवर कोऱ्या कॅनव्हासचा, खळीचा, थोडा ओलसर वास दाटला होता. खाली गल्लीत कुणीतरी नव्या तंबोऱ्याची जवारी लावत होते. एकच तार पुन्हा पुन्हा छेडायची, नाद गोल उमटतो की नाही हे कान देऊन पाहायचे, आणि समाधान होईना म्हणून तारेखालची घोडी घासायला पुन्हा कानस हातात घ्यायची. त्या माणसाला जरासेही खोटे चालत नव्हते. आणि वर बसलेल्या मला?

आक्का गवसण्या शिवते. सतारीला, तंबोऱ्याला प्रवासात धक्का लागू नये म्हणून घालतात ती जाड कापडाची, आतून मऊ गादी भरलेली पिशवी म्हणजे गवसणी. वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो आणि आक्का विशीत. त्या वर्षी तिने शिलाईच्या यंत्रावर जो पाय ठेवला, तो आजतागायत तसाच. माझे बी.कॉम. त्या पायावर झाले, माझी सातारची नोकरी त्या पायावर उभी राहिली. तिच्या लग्नाचे तेवढे राहून गेले. राहून गेले असे आम्ही म्हणतो. खरे पाहता, ते बघायला घरात मोकळे असे कोण होते? आणि मी मोकळा झालो तेव्हा मला ते आठवले का?

तिच्या गवसण्यांनी मात्र सप्तसागर ओलांडले. वाद्य घ्यायला मिरजेत परदेशी मंडळी येतात, आठ-पंधरा दिवस राहतात. आक्काच्या माडीवर चहा पितात, तिची मोडकीतोडकी हिंदी आणि त्यांची तिच्याहून मोडकी हिंदी एकमेकींना सांभाळून घेतात. मापांच्या वहीत त्यांचे पत्ते उतरत गेले. ओसाकाची एक सतार शिकणारी बाई, जर्मनीतले एक निवृत्त संगीतशिक्षक, असे आणखी चार-पाच. दहाएक वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, "माझ्या हातच्या पिशव्या इमानात बसून जपान बघून आल्या रं बापू, आन् मी अजून गोवा बघितला न्हाई." मी खळखळून हसलो. ती हसली नव्हती, हे माझ्या फार उशिरा ध्यानी आले.

मग तिच्या मोबाइलवर, शिवता शिवता, एक परदेशी मुलगी अवतरली. पाठीला एक पिशवी, पायांत बूट, आणि आज या देशात तर महिन्याने त्या देशात; स्वस्तातल्या वसतिगृहात दहाजणींच्या खोलीत निजायचे, सामाईक चुलीवर भात शिजवायचा, पुढच्या गावाची बस पकडायची. आक्काने ते दोन वर्षे निरखून पाहिले आणि एके दिवशी मला जाहीर करून टाकले: "एक पिशवी पाठीला घ्यायची आन् फिरायचं, एवढंच हाय की. पिशवी तर मला शिवता येती. म्हंजे निम्मं काम झालंच." आणि तिने ती शिवलीही, गवसणीच्याच कापडाची, पाठीशी गादी, कमरेला पट्टा.

उरलेले निम्मे काम पैशाचे होते, आणि तिथे तिने जे गणित मांडले त्यापुढे माझी तीस वर्षांची हिशेबनिसी फिकी पडावी! रुपया हे तिचे परिमाणच राहिले नाही. दिवस हे परिमाण झाले. नवी साडी म्हणजे व्हिएतनाममधले दोन दिवस. रिक्षा टाळून चालत बाजारात गेले की इंडोनेशियातली एक न्याहारी. शेजारणीने विचारले, "आक्का, भिशीचं एवढं काय करतीस गं, सोनं घेतीस का?" तर ही म्हणाली, "न्हाई गं, मंगळवार-बुधवार घेतीया." माणूस आयुष्यभर वस्तू विकत घेत राहतो आणि दिवस तसेच निसटू देतो, ही एकटी उलट्या वाटेने निघालेली! मला त्या गणिताचे कौतुक वाटायचे. कौतुक आणि भीती एकाच मनात किती शेजारी-शेजारी नांदतात, नाही?

भीती कसली, ते सांगतो. माडीवरच्या आतल्या खोलीत आई आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिची डावी बाजू निर्जीव आहे. तिला उठवायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे, कुशीवर वळवायचे, हे सारे आक्का करते. मी महिन्यातून एकदा साताऱ्याहून येतो, सफरचंदे आणतो, तासभर पायाशी बसतो. आई मला पाहुणा म्हणते. "पावनं आलं गं," अशी आतून हाक देते. आक्का हसते, मीही हसतो. आक्का दहा महिने गेली, तर हा पाहुणा सुटून कुठे जाणार?

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तिने गवसणीचे कापड बेतायचा खाकी कागद माझ्यापुढे उलटा पसरला. पाठीमागे तिच्या टपोऱ्या अक्षरात सगळे होते: विमानांची भाडी, व्हिसाच्या फिया, विमा, देशागणिक रोजचा खर्च. बेरीज नऊ लाख वीस हजार. तिच्यापाशी नऊ लाख जमले होते. वीस हजारांची एक भिशी दोन महिन्यांनी लागायची होती. "तू शिकलेला हाईस. बघ जरा, काय चुकलंया का." मी पाहिले. एका व्हिसाचे अकरा हजार तेवढे राहिले होते. बाकी सारे निर्दोष होते. सहकारी संस्थेतल्या माझ्या हाताखालच्या पदवीधरांनी इतके नेटके अंदाजपत्रक मला कधी करून दिले नाही. आणि मी म्हणालो, "आक्का, असं नसतं गं. हे फार कमी धरलंयस."

फुगवणे ही एक विद्या आहे, आणि ती मला येते. डॉलरचा भाव थोडा चढा लावायचा. ओसाकाच्या बाईने घरी राहायला बोलावलेले असताना त्या रात्री हॉटेलच्या दराने धरायच्या. विमा सर्वांत महागडा. आणि शेवटी 'अनपेक्षित खर्च' या भारदस्त मथळ्याखाली दोन लाखांची तरतूद. माझ्या अंदाजपत्रकाची बेरीज चौदा लाख झाली. आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तो ऐकत मी चौदाच्या खाली दुहेरी रेघ मारली. आक्काने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "चौदा?" मग घडी घालून म्हणाली, "बरं. चौदा तर चौदा." माझ्यावर अविश्वास दाखवायचा असतो, हे तिला सुचलेच नाही.

ती पुन्हा यंत्रावर बसली. पहाटे एक गवसणी जास्त, दुपारची झोप बंद. यंत्राचा पायटा मारून मारून उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा मी शहाजोगपणे म्हणालो, यंत्राला मोटर बसवून घे, दोन-अडीच हजारांचे काम. "अडीच हजारात चार दिस निघत्यात की रं," ती म्हणाली आणि पायटा मारत राहिली. ते चार दिवस खोटे होते, मी बनवलेले होते. मला तेव्हाच तोंड उघडता आले असते. मी सफरचंदे ठेवली आणि बस पकडली. मूक माणसाला लोक सोशिक समजतात. त्याच्या मौनाआड किती सोय दडलेली असते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

यंदा संक्रांतीनंतर तिचा फोन आला. "झालं रं चौदा. आता तारीख काढ." तुम्हाला खरे वाटणार नाही, पण मी निघालो तेव्हा माझ्या खिशात नवा कागद होता, सतरा लाखांचा. कऱ्हाड मागे पडेपर्यंत मी मनाशी कारणे जुळवीत होतो: भाडी वाढली, रुपया घसरला. मिरजेत पोचून खालून हाक दिली. दार उघडायला ती जिना उतरत होती. आडवी उतरत होती. एका हाताने भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, लहान मूल उतरते तशी. तिला खाली यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझ्या खिशातल्या कागदाचा चोळामोळा झाला होता.

वर जाऊन मी सगळे सांगितले. मग ती म्हणाली, "म्हंजे चार वर्सांमागं मी गेले असते?" मी होय म्हणालो. "नऊ लाख इसात?" मी म्हणालो, नऊ लाख एकतीस हजारांत. "ती अकरा हजार कशाची?" एका व्हिसाची फी तू धरली नव्हतीस. "तेवढीच चूक व्हय माझी?" तेवढीच. तिने हातातली कात्री खाली ठेवली. "आईपायी थांब म्हनला असतास, तर थांबले असते. न्हाईतर नसतेबी थांबले. पर माझं मी ठरवलं असतं की रं, बापू." आतून आई ओरडली, "आवं, पावनं जेवून जानार हाय का तसंच?" त्यावर आक्का हसली, आणि मला रडू आले. "रडू नगंस. आठ दिस रजा टाक. आईचं समदं तू करायचं, मी हात लावनार न्हाई. जमलं तर मी जानार. न्हाई जमलं तरी जानार, पर मग बाई ठिवायचा खर्च तुझा."

आठ दिवस मी केले. पहिल्या दिवशी पेज आईच्या गळ्यावर सांडली. दुसऱ्या दिवशी तिला उठवताना माझीच कंबर धरली, बाहेरच्या खोलीतून आक्का सूचना देत राहिली, "खांद्याला न्हाई रं, काखंत धर. पोतं हाय व्हय ती?" न्हाऊ घालायच्या वेळी आई भिंतीकडे तोंड करायची. "आता पोराकडनं ह्ये करून घ्यायचं व्हय," एवढेच भिंतीला म्हणायची. ती लाज आम्हा दोघांच्या मध्ये ओल्या कपड्यासारखी पसरलेली असे. कोणत्या अंदाजपत्रकात तिची तरतूद करतात? सातव्या दिवशी मात्र पहिला तांब्या अंगावर पडताच ती खेकसली, "गार हाय. उद्या जरा कडक घे." त्या एका 'उद्या'ने मला केवढा धीर दिला!

आता ठरले आहे. बायकोला मी सर्व सांगितले; ती म्हणाली, "मग आता आणखी उशीर करू नका." मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला आहे, मंजूर झाला नाही तर राजीनामा लिहून तयार आहे. तिकिटे निघाली. नवे अंदाजपत्रक आक्काने स्वतः केले, मी नुसत्या बेरजा तपासल्या. पैसे उरतात म्हटल्यावर ती गालात हसली: "मग दोन म्हैनं जास्ती ऱ्हाते. दहाचं बारा. तुझ्याच किरपेनं." पाठीवरची पिशवी तिने उसवून लहान केली, कारण डॉक्टरांनी सहा किलोंवर ओझे नको सांगितले आहे. आणि जॉर्जियातल्या डोंगरांमधून गावागावांतून जाणारी सतरा दिवसांची एक पायवाट, जी तिच्या पहिल्या खाकी कागदावर सर्वांत वर लिहिलेली होती, ती तिने माझ्यासमोर पेन्सिलीने खोडली. पुढच्या देशाकडे वळली.

आईचे हे बारा महिने मी फेड म्हणून धरणार नाही. आई माझीही आहे, आणि तो वाटा मुळातच माझा होता. आक्का चौपन्नाव्या वर्षी धडधाकट पायांनी निघाली असती, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी लंगडत निघते आहे. ती चार वर्षे मी तिचे देणे लागतो.